माहा स्टुडिओ अन् सासऱ्याचा कापूस

१४ नोव्हें., शुक्र.
मुधोळहून, माहेरून परत आली तं माह्या स्टुडिओत कापूस. अर्धी खोली छतापावतर. लाइटचे स्टँड कोपऱ्यात कोंबले अन् फोटोमागं लावाचा माहा काळा पडदा सतरंजी समजून कापसाखाली अंथरला. सासरे म्हणे, "भाव चढू दे, मंग नेतो." आमचे हे म्हणे, "बाबाले कोण सांगन?" काऊन, तुमाले तोंड नाई? हे मनातच म्हटलं. त्यानं चीड आनखीच वाढली.
२३ च्या रविवारी अंगणवाडीच्या टीचर येऊन राह्यल्या, लेकराच्या पयल्या वाढदिवसाचे फोटो काढाले. घरच्याइले सोडून माहं पयलं गिऱ्हाईक. हे बिघडलं तं गावातलं कोणी येणार नाई, सगळे आदिलाबादलेच जातीन.

१६, रवि.
उरल्या जागेत सराव. एकच लाइट डाव्या अंगानं, समोर सासूबाई. डावा गाल मस्त, उजवा कोळसा. मोबाइलवर पाहून शिकतो त्या व्हिडिओतला माणूस म्हणते, दुसऱ्या अंगाले पांढरा थर्माकोल धरा, उजेड परतून सावलीत पडते. इथं थर्माकोल कुठून आणू? वैतागून सासूबाईचं स्टूल कापसाजवळ सरकवलं. उजव्या गालावरची सावली विरली. ढिगावरून उजेड परतून राह्यला होता. इतका नरम उजेड मले आजपावतर जमला नवता.
सासूबाई फोटो पाहून, "मी अशी दिसतो का वं?" फोटोत गोरं नाई केलं. हाये तोच रंग, हायेत त्याच सुरकुत्या. पाहातच राह्यल्या.
माहा राग दुप्पट. ज्यानं खोली खाल्ली त्याचेच उपकार.

१९, बुध.
सासऱ्याइनं लाइट लागलेले पाह्यले. कापूस भरला का त्या खोलीत दिवा न्यायचा नाई, ही या घरची रीत. म्हटलं, हे एलईडी हायेत, तापत नाईत, हात लावून पाहा. लावला नाई. कुलूप. किल्ली कमरंच्या करदोड्याले. सोता रोज मोबाइल उशाखाली चार्जिंगले लावून झोपतेत, तवा गादी पेटत नाई.


२३, रवि.
टीचर लेकरू नटवून दारात. कुलूप तसंच. मले रडू यायचं बाकी होतं. सासूबाईनं पदर खोचला. "उघडा. माहा फोटो निंगाला तवा कापूस पेटला का?"
उघडलं. पण सासरे पाण्याच्या बादल्या अन् ओलं पोतं घेऊन दारातच बसले, सारे फोटो होईपावतर. लेकरू त्याइच्याकडं पाहून हासत राह्यलं, म्हणून फोटो छान आले. टीचर खुश. बहिणीच्या लेकीचेबी गुरुवारी काढू म्हणे.
जेवताना सांगितलं. सासरे, "गुरुवारी मी वावरात हाओ." म्हंजे किल्लीबी वावरात. आमचे हे वरणात भाकर कुस्करत बसले.
मी म्हटलं, "मामाजी, किल्ली ठेवून जा. नाई तं मी कुलूप तोडीन."
लग्न झाल्यापासून पयल्यांदा तोंडावर बोलली.  सासऱ्याइनं घास ताटात ठेवला अन् करदोड्याची किल्ली चाचपली.