सॅकवाल्याचं इंजिन

४ नोव्हेंबर

सकाळी माझा थोरला भाऊ मार्साल मोटारसायकल ढकलत घेऊन आला. तीच, लाल टाकीची, त्याच्या लग्नाच्याही आधीची. तक्रार अशी की सुरू झाल्यावर थोड्या वेळानं आपोआप रेस होते आणि हात सोडला तरी खाली येत नाही. मोटारसायकल क्लबातल्या बाल्दिरीकडे दुरुस्तीला निघाला होता, वाटेत माझं घर लागलं. मी म्हणालो, ठेव इथेच. तो म्हणाला, तू? मी म्हणालो, हो, मी. त्यानं स्टँड लावला.

मार्चच्या पहिल्या रविवारी जुन्या मोटारसायकलींचा मेळावा आहे, नेहमीच्या दगड-ओढ्यांच्या वाटेवर. एप्रिलमध्ये मार्सालच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्यानंतर मोटारसायकल बंद, असं डॉक्टरनं त्याला आणि वहिनीला शेजारी शेजारी बसवून सांगितलंय. म्हणजे हा मेळावा शेवटचा. तोपर्यंत गाडी झालीच पाहिजे.

चार महिने आहेत. मला दोन शनिवार पुरतील.

५ नोव्हेंबर

हे मी का करतोय ते एकदा लिहून ठेवतो.

चाळीस वर्षं मी मार्सालची सॅक वाहिली. सॅकमध्ये पाने-पक्कड, प्लग, पाणी, ब्रेड-ऑम्लेट. स्पर्धेत तो गाडीवर बसून दगडांवरून, ओढ्यातून, मुळ्यांवरून जाणार, पाय टेकला की गुण गेला. मी त्या दगडाशेजारी चिखलात उभा. चाक कुठे घालायचं ते ओरडून सांगायचं, आणि तो पडायला लागला की आधी त्याला धरायचं, मग गाडीला. कप त्याच्या घरात आहेत. क्लबात मला कोणी फेरियोल म्हणत नाही, 'मार्सालची सॅक' म्हणतात. भिंतीवरच्या फोटोखाली त्याचं नाव आहे आणि पुढे 'व मदतनीस'.

मला राग नाही. फक्त या वेळी गाडी चालली तर ती माझ्यामुळे चालली असं लोकांनी म्हणावं, एवढंच.

अनुभवाचं म्हणाल तर सॉसेजच्या कारखान्यात सबंध नोकरी पॅकिंग मशीनवर गेली. मशीन बिघडलं की लाल बटण दाबून मेकॅनिकला फोन करायचा, ही जबाबदारी माझ्याकडे होती.

११ नोव्हेंबर

बाल्दिरी वास काढत आला. क्लबाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये डोकवायची सवय लागली आहे. गाडी सुरू करून दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाला, ऑइल सील गेलंय, ती आतली रबरी कडी, तिथून हवा ओढतेय, म्हणून रेस होते. सील बदल, दुपारच्या जेवणाआधीच्या व्हर्मुथच्या प्याल्याच्या आत मोकळा होशील.

बाल्दिरीला सगळीकडे ऑइल सीलच दिसतं. मागे माझ्या बायकोचं, रेमेईचं, वॉशिंग मशीन गळत होतं तेव्हाही हेच म्हणाला होता. (तेव्हा ते बरोबर निघालं, पण तो योगायोग.) मी त्याला शांतपणे सांगितलं की कारण खोलवर आहे, पूर्ण इंजिन उघडावं लागेल. तो म्हणाला, "उघडायला काय रे, माझी सासूपण उघडेल." आणि माझे ऑलिव्ह संपवून गेला.

१८ नोव्हेंबर

कार्ब्युरेटर काढून साफ केला. बसवला. आता आधीपेक्षा जास्त रेस होते. म्हणजे कार्ब्युरेटरचा दोष नाही हे सिद्ध झालं. प्रगती.

२५ नोव्हेंबर

इंजिन फ्रेममधून बाहेर. गॅरेजमध्ये गारठा, म्हणून जेवणाच्या टेबलावर आणलं. रेमेईनं आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवली.

संकल्प: प्रत्येक बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. डब्या उद्या आणतो. आजच्यापुरतं वर्तमानपत्रावर, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडलेत. डोळे मिटूनही जोडता येईल.

२६ नोव्हेंबर

रेमेईनं जेवणासाठी टेबल मोकळं केलं. सगळे बोल्ट पाएल्या भाताच्या मोठ्या पसरट तव्यात एकत्र. ती म्हणाली, एकही हरवला नाहीये, मोजून बघ. हे म्हणजे पुस्तकातली सगळी अक्षरं एका पिशवीत भरून दिल्यासारखं झालं. तिला बोललो नाही. जरासं बोललो.

२ डिसेंबर

फ्लायव्हील, ते इंजिनाच्या बाजूचं जड चाक, निघेना. पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं हत्यार, लावला, सगळा जोर काढला, पाइप घालून त्यावर उभा राहिलो. मोठा आवाज झाला आणि पुलर हातात आला, फ्लायव्हील जागच्या जागी. आटे गेले. नंतर पुस्तकात पाहिलं तर त्या पुलरचे आटे उलटे असतात. अशी गोष्ट पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी. होती पहिल्याच पानावर, पण अक्षरं लहान होती.

मार्सालचा फोन. कसं चाललंय? म्हटलं, वेळापत्रकाच्या पुढे आहोत.

२६ डिसेंबर

सान्त एस्तेवेचा दिवस, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा सण, म्हणजे कॅनेलोनी, खिमा भरून ओव्हनमध्ये भाजलेल्या पास्त्याच्या सुरळ्या. दर वर्षी आमच्याकडे, मार्साल आणि असुम्प्ता वहिनी जेवायला.

फ्लायव्हील शेवटी निघालं. नवीन बेअरिंग बसवायचं तर क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं धातूचं कवच, तापवावं लागतं. सगळे मेकॅनिक ओव्हनमध्येच तापवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रेमेई चर्चला गेली होती, ओव्हन रिकामा होता, मी संधी साधली. बेअरिंग आदल्या रात्रीपासून फ्रीझरमध्ये, तिच्या रानातल्या अळंब्यांच्या पिशवीत, उघडं पडू नये म्हणून. बेअरिंग अलगद बसलं. इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

पण त्या क्रँककेसच्या कोपऱ्याकोपऱ्यात पन्नास वर्षांचं जळकं तेल होतं आणि ते सगळं ओव्हनला लागलं. कॅनेलोनी त्याच ओव्हनमध्ये गेल्या. वहिनीनं पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. मार्साल मात्र शेवटपर्यंत खात होता. म्हणाला, "मला तर ओढ्याकाठच्या जेवणाची आठवण आली." रेमेई उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही. तिच्या आईची रेसिपी होती.

मी तिला सांगितलं की बेअरिंग उत्तम बसलंय. ही बातमी द्यायची ती वेळ नव्हती हे आता लक्षात येतंय.

६ जानेवारी

तीन राजांचा दिवस, नाताळच्या दिवसांतला शेवटचा सण. मार्साल सणाचा केक घेऊन आला. टेबलावरच्या इंजिनाकडे बघत उभा राहिला आणि त्यातल्या एका तुकड्यावर बोट ठेवून हे काय असं विचारलं. मी म्हणालो, ते आत जातं. तो म्हणाला, बरं.

तो रोज सकाळी रायडिंगचे बूट घालून चर्चच्या पायऱ्या चढतो, कठड्याला न धरता. तोल राहावा म्हणून. वहिनी सांगत होती, नवीन हातमोजे घेतलेत आणि झोपताना उशाशी ठेवतो. सत्तरीचा माणूस.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी इंजिन. सबबी बंद.

१३ जानेवारी

पाठ धरली.

२० जानेवारी

इंजिन जोडून झालं. सगळे भाग आत, तव्यात काही उरलं नाही. ऑइल सील बदललं का असं रेमेईनं विचारलं. (बाल्दिरीनं बाजारात तिचे कान भरलेले दिसतात.) जुनं सील हातानं दाबून बघितलं होतं, चांगलं नरम आहे, तेच परत घातलं. उगाच नवी वस्तू कशाला.

आता राहिलं टायमिंग. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे, किती आधी ते पुस्तकात दिलंय. मी त्याहून बरीच आधी ठेवली. ठिणगी लवकर पडली तर ताकद जास्त, साधं लॉजिक आहे. त्या काळच्या इंजिनियरांना एवढी हिंमत नसावी.

३ फेब्रुवारी

इंजिन परत फ्रेममध्ये. किक मारली तर किकनंच मला उलट मारलं. पाय वर फेकला, नडगी काळीनिळी. सुरू झालं नाही, पण केवढा जोर आलाय बघा.

१० फेब्रुवारी

सुरू होत नाही. पेट्रोल जुनं असेल. नवीन आणलं. प्लग ओला असेल. पुसला. हवा दमट आहे, मोन्सेनी डोंगरावर ढग बसलेत.

जेवताना रेमेई म्हणाली, "अजून तीन आठवडे आहेत. बाल्दिरीला दे. तुझ्या भावासाठी दे." मी म्हणालो, तुला मशीनमधलं काही कळत नाही. ती म्हणाली, मशीनबद्दल मी बोलतच नाहीये.

मार्सालचा फोन आला. म्हणाला, "फेरियोल, खरं सांग. होणार नसेल तर सांग, मी दुसऱ्या कोणाची तरी मागतो. रागावणार नाही." मी म्हणालो, झालंय रे, फक्त बारीक सेटिंग राहिलंय.

हे काही पूर्ण खोटं नाही. पण फोन ठेवल्यावर मी व्हर्मुथ न घेताच झोपलो.

१७ फेब्रुवारी

मार्सालला मेळाव्याचा नंबर मिळाला, सात. तोच जुना. क्लबानं मुद्दाम दिला.

गाडी सुरू होत नाही.

२४ फेब्रुवारी

सुरू झाली! आजच्या पहिल्या किकला. किकनं पाय जरा मागे ढकलला आणि त्याच क्षणी इंजिन धडधडायला लागलं. स्वच्छ, स्थिर, आपोआप रेस बिलकुल नाही. आवाज पूर्वीपेक्षा किंचित वेगळा, घोगरा, पण नवीन बेअरिंगचा तसा असणारच. पाच मिनिटं चालवली, जागेवरच, गिअर न टाकता. मी तिथेच डब्यावर बसून रडलो. रेमेई दारात येऊन उभी राहिली, तीसुद्धा हसली.

सगळ्यांना फोन केले. उद्या सकाळी अंगणात या. बाल्दिरीला पहिला.

२५ फेब्रुवारी

सविस्तर लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

सगळे आले होते. मी धुतलेली डांगरी घातली होती. मार्साल बूट, नवीन हातमोजे घालून आला. आल्या आल्या म्हणाला, सॅक कुठाय तुझी? मी म्हणालो, आज मी सॅकवाला नाही. बाल्दिरी हसला. हसू दे म्हटलं.

मी किक मारली. पहिल्याच किकला सुरू. बाल्दिरीचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं मान वाकडी केली, कान दिला आणि हात वर करून थांब म्हणाला, पण मला वाटलं जळतोय. मार्सालला गाडीवर बसवून मी समोर गेलो, फाटकापाशी, गाडी येताना फोटो काढायला. माझी जागा कायम गाडीच्या मागे किंवा बाजूला. समोरून मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मार्सालनं गिअर टाकला आणि प्रत्येक दगडाआधी विचारतो तसं सवयीनं विचारलं, आहेस? मी फोन डोळ्यांसमोर धरून म्हणालो, आहे.

त्यानं क्लच सोडला आणि गाडी मागे गेली.

इंजिन उलटं फिरत होतं. मार्साल गाडीसकट मागे, अंगणाच्या दोन पायऱ्या खाली, कोबीच्या वाफ्यात. मागे कोणी नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मागे कोणी नव्हतं. पायरीच्या कडेवर त्याचा खुबा आपटला. मी धावलो, पण फाटकापासून अंतर होतं. गाडी आडवी पडूनही चालूच होती, बाल्दिरीनं प्लगची टोपी ओढली तेव्हा थांबली.

अँब्युलन्सची वाट बघताना वहिनीनं मला त्याचा हात धरू दिला नाही.

२७ फेब्रुवारी

काही गोष्टी नोंदवून ठेवतो. हे इंजिन दोन्ही दिशांना चालू शकतं, ही रचनेतलीच गोष्ट आहे. ठिणगी फार लवकर पडली की ते किकला उलटं फेकतं आणि उलटंच फिरत राहतं, हे बाल्दिरीनं सांगितलं, पण सांगितलं कधी, नंतर. मार्सालनं क्लच हळू सोडायला हवा होता. पायऱ्यांना कठडा हवा होता, हे रेमेई किती वर्षं म्हणतेय. आणि आपोआप रेस होण्याची मूळ तक्रार दूर झाली होती, याचा उल्लेख कोणी करत नाही.

खुब्याचं ऑपरेशन झालं. गुडघ्याचं आता लांबणीवर. मोटारसायकलचा विषय संपला.

बाल्दिरी गाडी घेऊन गेला. मी अडवलं नाही.

३ मार्च, रविवार

मेळावा आज. गेलो नाही. वीक शहरातल्या हॉस्पिटलमध्ये मार्सालपाशी बसलो होतो. वहिनी जेवायला खाली गेली होती, म्हणून आत जाता आलं.

त्याला सगळं समजावून सांगायची तयारी करून गेलो होतो. ठिणगी, दिशा, सगळं. कागदावर चित्र काढून नेलं होतं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, आता ओढ्यापाशी पोचले असतील, पाणी भरपूर असणार या वर्षी. मग ओढ्यातल्या दगडांबद्दलच बोलत राहिला, कुठल्या दगडावरून पुढचं चाक घालायचं, कुठे थांबून श्वास घ्यायचा. मी हो हो म्हणत होतो. कागद खिशातच राहिला.

नर्स औषध द्यायला आली. तरुण, बोलकी. मला बघून विचारलं, हे कोण? मार्साल म्हणाला, "हा माझा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं मी पडत आलो, ह्यानं एकदाही मला जमिनीला लागू दिलं नाही."

ती हसली आणि त्याच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली, मग या वेळी काय झालं?

मार्साल म्हणाला, या वेळी तो मेकॅनिक होता.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी बाहेर जाऊन वहिनी वर येईपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो.