शालनचं सकाळचं वजन

३ नोव्हेंबर ९६, विटा
सकाळी सहा. शालन काट्यावर. ५२ किलो. सांगलीच्या दवाखान्यातून बायकोला घरी आणून आज चौथा दिवस. डॉक्टरांची ऑर्डर: हृदय कमजोर. मीठ बंद. रोज चहाच्या आधी वजन. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय. धाप लागायच्या आधी काट्यावर कळतं.
ती म्हणते, "मी काय बाजारची शेळी हाय?"

५ नोव्हें.
५२. स्वयंपाक माझ्याकडे. फौजेत लंगर सांभाळला, पण बिनमिठाची आमटी जमेना. दोन घास खाऊन तिनं ताट सरकवलं. मी ओरडलो. मग वाईट वाटलं. अशी उपाशीच जायची बाई.

६ नोव्हें.
तोडगा निघाला. सैंधव! आई कडक उपवासाला मिठाला शिवायची नाही, पण सैंधव खायची. म्हणजे ते मीठ नव्हेच. शालन दीड भाकरी जेवली. लय बरं वाटलं.

९ नोव्हें.
५३. तिच्या नडगीवर अंगठा दाबला, खड्डा तसाच राहिला. बूथवर जाऊन सांगलीला फोन. अंगातलं पाणी उतरवायची गोळी दुप्पट सांगितली.

११ नोव्हें.
५४.५. काटा घरात चार जागी ठेवून बघितला. स्वतः उभा राहिलो, माझं बरोबर दाखवतो. मग हिचंच का? गोळ्या वेळेवर, मीठ नाही, सगळं हुकमाप्रमाणे. आडवी झाली की खोकते. देवा, माझं कुठं चुकतंय? साताऱ्याला लेकीला फोन केला. लता म्हणाली, बाबा, थांबू नका. जीप सांगितली.

१२ नोव्हें., सांगली
भरती. ऑक्सिजन. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय? छाती पुढं काढून सांगितलं, मिठाचा कण नाही, फक्त सैंधव. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तेही मीठच."
सहा दिवस. दोन्ही वेळा. माझ्या हातानं वाढलं. काटा रोज सांगत होता आणि मी काटाच तपासत बसलो. मूर्ख.
लता आली. तिला सैंधवाचं सांगितलं नाही.

१४ नोव्हें.
५३.८. पाणी उतरतंय, पण डॉक्टर भरवसा देत नाहीत. दुपारी लता चहा आणायला गेली, तेव्हा शालननं मास्क बाजूला करून जवळ बोलावलं.
"रागावू नगा. तुमी त्या दिशी फोनला गेलासा, तवा म्या लोणच्याची एक फोड खाल्ली. माझ्यामुळंच झालं ह्ये."
मी मास्क परत लावला. "असू दे," म्हणालो. मी माफ केलं असं समजून तिनं मला हात जोडले. मग तिला डोळा लागला.
उठली की सैंधवाचं सांगायचं. पण तिला आता हे पेलवेल का?