कॉलरची खळ

कधीकाळच्या माझ्या 'अहों'ना,

मी आता लॉन्ड्रीत इस्त्री करते. होय, इस्त्रीच! "हिच्या हातात इस्त्री दिली तर घर पेटवील," असं चारचौघांत सांगून तुम्ही मला माहेरी धाडलंत ना?

हे काम मला मनोरुग्णांना रोजगार मिळवून देणाऱ्या एका संस्थेच्या ताईंनी मिळवून दिलं. मला नसलेले आवाज ऐकू येतात, हे त्यांनी मालकाला आधीच सांगितलं आणि सुरुवातीला रोज माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. पुढे आजार उलटला, मी इस्पितळात गेले, तेव्हा मालकाशी भांडून त्यांनी माझी जागा राखली. घरातली माझी जागा तुम्ही किती लगबगीने भरलीत, आठवतं?

आता तुमची नवी बायको तुमचे शर्ट इथेच टाकते. मला ती ओळखत नाही. काळजी नसावी, शर्ट जाळणार नाही. तुमचं म्हणणं खरं करायची मला हौस नाही. फक्त कॉलरला खळ दुप्पट घालते. खळीने तुमची मान सोलवटते, हे तिला अजून कुठे ठाऊक?

परवा बिचारी म्हणाली, "आमचे हे दिवसभर मान खाजवतात. कॉलर चावते म्हणतात."

मी म्हटलं, "कॉलर कधी चावते का हो? डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

कपड्यांपुरती तुमची,
इस्त्रीवाली