कोऱ्या कडेची बॅट

मास्तर, आज सकाळपासून घरात क्रिकेटचाच वाद चालला आहे. नातू आणि त्याचे मित्र टीव्हीसमोर बसून कसोटीतल्या तरुण फलंदाजांची तुलना करताहेत. एकाची सरासरी मोठी, दुसरा परदेशातल्या खेळपट्ट्यांवर टिकतो, तिसऱ्याचा कव्हर ड्राइव्ह नुसता बघत राहावा. शेवटी नातवानं मला विचारलं, आजोबा, तुम्ही खेळला आहात, तुम्हीच सांगा, यांच्यात उजवा कोण? मी उठून आत आलो. त्याला वाटलं, म्हातारा कंटाळला. खरं म्हणजे मला भीती वाटली. दोन पोरांत उजवा कोण, हे कुणी मोठ्यानं विचारलं की मला अजून तुम्ही आठवता.

तुमचं सांगलीतलं स्वयंपाकघर मला दिसतं आहे. आम्ही जैन, घरी हळदीची शेती, आणि मी शिकायला बोर्डिंगात; शाळेत क्रिकेट तुम्हीच शिकवायचात. दिवस मावळल्यावर मी जेवत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून प्रॅक्टिस संपली की तुम्ही मला तडक घरी न्यायचात आणि काकू उजेड आहे तोवर पान वाढायच्या. मला एकट्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तुमचा मुलगाही माझ्या शेजारी बसायचा. घास घेण्याआधी तुमचा हुकूम व्हायचा, "बॅटी दाखवा." सकाळी आम्ही बॅटी घासूनपुसून, जवसाचं तेल लावून आणलेल्या असायच्या. दिवसभर काथ्याच्या मॅटवर खेळलं की चेंडूचा लाल रंग बॅटवर उमटायचा. तुम्ही चष्मा वर सरकवून ते डाग बघत असायचात. माझ्या बॅटवर डाग सगळीकडे, कडेला, खांद्यावर, पोरांनी रंग उडवलेल्या भिंतीसारखे. त्याच्या बॅटवर मधोमध एकच लाल चकती, आणि कडा कोऱ्या. यात तुलना करण्यासारखं काय होतं? पण तुम्ही मला म्हणायचात, सुधारणा आहे. आणि त्याला म्हणायचात, ठीक. एकदा काकू न राहवून बोलल्या की कधीतरी त्यालाही बरं म्हणा. तुम्ही पाण्याचा तांब्या जवळ ओढलात, बस. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक म्हणतील याची तुम्हाला एवढी धास्ती, की तुम्ही ती म्हणच उलटी करून टाकलीत. मला त्या कौतुकाचा आनंद कमी आणि काळजी जास्त वाटायची.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या एका क्लबाला आमच्या भागातला एक तरुण फलंदाज हवा होता. राहण्याची सोय आणि नोकरी तेच बघणार होते. एकच जागा, आणि त्यांचा माणूस साताऱ्याला आमचा सामना बघायला येणार होता. मला घरची शेती होती. तुमचा मुलगा मॅट्रिकला दोनदा आपटलेला, अठरा वर्षं पुरी झालेली. त्याला दुसरं काहीच नव्हतं. आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता की पुणं नाही झालं तर मी या घरात राहणार नाही. मी ते थट्टेवारी नेलं.

पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं आपण निघालो. धुरानं डोळे चुरचुरत होते. उंब्रजला ड्रायव्हर गॅसच्या भट्टीतले निखारे हलवायला उतरला. रस्त्याच्या कडेला सैन्यभरतीची लॉरी उभी होती. पोरं पाय मोकळे करायला उतरली, तसा तिथल्या हवालदारानं तुमच्या मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "छाती लय झ्याक हाय की गड्या. येतूस का?" तो हसून म्हणाला, आज मॅच आहे, परत येताना बघू. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. त्याला हाक मारून मोटारीत बसवलंत, आणि उंब्रज मागं पडेपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून होतात. तुम्ही त्याला असा हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दोन्ही संघांनी आपापला एक पंच आणायचा, असा तेव्हाचा रिवाज. आमचे पंच तुम्ही. आम्ही दोघं खेळतो आहोत, तो पलीकडे, मी तुमच्या बाजूला. तो असा काही खेळतोय की साताऱ्याची माणसंसुद्धा टाळ्या वाजवताहेत. मग कडेच्या गर्दीतून एकजण ओरडतो, "आवं मास्तर, पोरगं तुमचंच न्हवं? मग बोट कशाला वर हुईल?" हशा पिकतो. तुमची मान ताठ होते. मला तेव्हाच कळतं की आता काहीतरी वाईट होणार. पुढचा चेंडू मॅटवरून उसळतो, त्याच्या मांडीला लागतो आणि विकेटकीपरच्या हातात जातो. बॅट कुठल्या कुठं. अपील होतं, आणि तुमचं बोट वर जातं.

तो बॅट उचलून निघाला. मग मुद्दाम तुमच्या अंगावरून आला आणि बॅट तुमच्यासमोर धरली, जेवायच्या आधी धरायचा तशी. मधोमध लाल चकती, कडा कोऱ्या. तुम्ही समोर टेकडीकडे बघत राहिलात. मी हळूच म्हणालो, मास्तर, त्याची बॅट लागली नव्हती.

"ठाऊक आहे मला," तुम्ही म्हणालात. "तू खेळ."

मी खेळलो, आणि पुण्याच्या माणसानं माझी निवड केली. आपण परत निघालो. उंब्रजला मोटार थांबली. लॉरी अजून तिथंच होती. तो बॅट सीटवर ठेवून उतरला, पाणी प्यायला जातोय असं मला वाटलं. तुम्हाला ते माझ्या आधी समजलं. तुम्ही धावत गेलात, लॉरीच्या फळीला धरून काहीतरी बोलत राहिलात, आणि लॉरी हलल्यावर एकटेच परत आलात. त्याची बॅट माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, ही पुण्याला ने. दुसऱ्या दिवशी काकूंनी सवयीनं दोन पानं मांडली. पुढच्या पावसाळ्यात ब्रह्मदेशाच्या बाजूनं तार आली.

त्यानंतर त्याचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत. कित्येक वर्षांनी, तुमच्या शेवटच्या दुखण्यात, मी भेटायला आलो तेव्हा काकू बाहेर गेल्याचं बघून तुम्ही माझा हात धरलात. "खरं सांग," तुम्ही म्हणालात. "तुम्हा दोघांत उजवा कोण होता?" मी तुमच्या डोळ्यांत बघून सांगितलं की मीच होतो, मास्तर. तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. त्या रात्री तुम्हाला झोप लागली, असं काकू नंतर म्हणाल्या.

बाहेरून नातू पुन्हा हाका मारतोय. त्याला मी सांगेन की मला आताशा काही कळत नाही. हा कागद मी त्याच्या बॅटीच्या खोळीत ठेवणार आहे. त्या बॅटीनं मी कधी खेळलो नाही; तिची कड अजून कोरी आहे. मास्तर, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो माझ्यापेक्षा फार उजवा होता.