तिसऱ्या अपत्याच्या हक्काने

मी नुमिसिया, कै. गाव्हियसची विधवा, वय साठ, राहणार कापुआ, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र मेणाच्या पाट्यांवर लिहीत आहे. बाईच्या मृत्युपत्राला पालक पुरुषाची संमती लागते. माझा पालक माझा भाऊ. पण गेल्या वर्षीच्या कायद्याने, तीन मुलं जन्माला घातलेल्या बाईला ती अट उरलेली नाही. त्या हक्काने मी लिहिते. गावाला माझी दोनच मुलं ठाऊक आहेत. तिसऱ्याचं पुढे लिहिलं आहे.

१. माझ्या नवऱ्याने तीस वर्षं चौकात उभं राहून गावाला सुनावलं, "पूर्वीच्या बायका सूत कातायच्या, संसार टिकायचे. आता रोम रसातळाला चाललंय!" त्याच्या थडग्यावर माझ्या पैशाने आणखी एक अक्षरही कोरू नये.

२. थोरला पाकियस बापाचीच टकळी चालवतो. स्वतः दोन बायका सोडल्या. दुसरी तापाने फणफणली असताना तिला निरोप धाडला, "आपलं सामान उचल आणि चालती हो." धाकटा ट्रेबियस त्याच्या होला हो करतो. द्राक्षमळा या दोघांना. प्रेमापोटी नव्हे, कारण पाचव्या कलमात आहे.

३. दासी कोप्रिया वीस वर्षं माझी वेणी घालते. गेल्या महिन्यात पाकियस तिच्यासमोरच म्हणाला, "आई, ही आता थकली. वीटभट्टीवाल्याला विकून टाक, एखादी तरुण आण." ती एवढंच म्हणाली, "बाईसाहेब, मान जरा सरळ."

हीच माझी तिसरी. जन्मली तेव्हा सुईणीने रीतीप्रमाणे तिला नवऱ्याच्या पायाशी जमिनीवर ठेवलं. बाप उचलेल तेच मूल घरचं. तो म्हणाला, "मुलगी ना? राहू दे खालीच." आणि जेवायला गेला. सुईणीला तिला वेशीबाहेरच्या उकिरड्यावर ठेवावं लागलं. एका विणकरणीने उचललं आणि दासी म्हणून वाढवलं. सुईणीने मला ठिकाण सांगितलं. पोर अकरा वर्षांची झाली तेव्हा मी तिला विकत घेतलं. पोटची मुलगी विकत घेतली आणि वीस वर्षं तिला "अगं ए" म्हटलं. नवऱ्याची भीती होती. तो मेल्यावरची दोन वर्षं कसली भीती होती? वेणी घालून घ्यायची सवय झाली होती. हा दोष माझा आहे, मेलेल्यावर ढकलत नाही.

४. कोप्रियाला मी मुक्त करत नाही. मुक्त गुलामाला करतात; ती जन्माने स्वतंत्र आहे. राहतं घर, माग आणि दागिने तिचे.

५. पाकियस, "कसली बहीण?" म्हणत तू वकिलाकडे धावशील. खुशाल धाव. तिसरं मूल खोटं ठरलं तर पालकाच्या संमतीविना लिहिलेलं हे मृत्युपत्र रद्द होईल. मृत्युपत्राविना मेलेल्या बाईची मालमत्ता कायद्याने मुलांना नव्हे, तिच्या भावाला जाते; म्हणजे द्राक्षमळ्यासकट सगळं मामाच्या घशात जाईल. मामा न्यायासनासमोर नेमकं "तिसरं मूल खोटं" असंच म्हणणार आहे. तेव्हा "ही आमची सख्खी बहीण" हे तुम्हा दोघा भावांनाच ओरडून सांगावं लागेल. सुईण हयात आहे. तिचा शपथेवरचा जबाब सोबत बांधला आहे.

६. प्रेतामागे मुलगे डोकं झाकून चालतात, मुली केस मोकळे सोडून. कोप्रियाने मुलीच्या जागी चालावं अशी माझी इच्छा आहे. आजवर तिने माझा एकही हुकूम मोडलेला नाही. नाही आली, तर तिला कोणीही बोलवायला जाऊ नये.

सही व मोहर: नुमिसिया.

साक्षीदार, माझ्या नवऱ्याच्या पंगतीला कधीही न बसलेले सात नागरिक: ओव्हियस भटारी, कालाव्हियस तेली, ब्लोसियस कुंभार, मागियस रंगारी, व्हिबियस चांभार, आणि हेयस व स्टेनियस हे दोघे भाऊ, गाडीवान.

कापुआ, सप्टेंबरचा पहिला दिवस, रोम वसल्यापासूनचं सातशे त्रेसष्टावं वर्ष.