सातवी मागणी

प्रिय यशश्री सिस्टर,

वॉर्डात मी तुला अहो-जाहो करते. आज अगं-तुगंच लिहिणार, कारण मी चिडले आहे आणि वयानं तुझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी आहे. दीपक ब्रदर परवा सांगत होता, सोमवारी तू नाशिकला येऊन माफीनाम्यावर सही करणार. आमच्या संपामुळे पेशंटकडे दुर्लक्ष झालं, असं लिहून द्यायचं, की कळवणची बदली रद्द आणि चौकशीपण बंद. खरं आहे का हे? खरं असेल तर लाज वाटली पाहिजे तुला. तीन दिवस गेटसमोर उन्हात बसलेल्या बाकीच्या सिस्टरांनी मग काय करायचं? युनियनची सेक्रेटरीच चूक झाली म्हणाली, तर त्यांचं कोण ऐकणार?

वेदिकात तुझा जीव अडकलाय, ते मला कळतं. रविवारी इंदिरानगरला तुझ्या सासूबाईंकडे जाऊन तिला बघून आले. बरी आहे. पुढचा एक दात पडलाय, तो काडेपेटीत ठेवलाय तुला दाखवायला. आई कधी येणार म्हणून एकदाही विचारलं नाही तिनं. मला तेच आवडलं नाही. सहा वर्षांच्या पोरीनं इतकं शहाणं असू नये. तरी सांगते, सही करू नकोस.

वॉर्डात सगळं तसंच आहे. साठ बायका आणि एक सिस्टर. तुझ्या जागी वल्लरी नावाची पोरगी आलीय, कंत्राटावर. ह्या कॉटवरून त्या कॉटवर नुसती पळत असते. काल चादरींच्या खोलीत जाऊन रडत होती. मी म्हटलं, रड, पण लवकर आटप, बारा नंबरचं ड्रेसिंग राहिलंय. तर रडता रडता हसायला लागली. डबा रोज भरलेलाच घरी नेते. तू माईकवर म्हणायचीस ना, आम्ही आमच्यासाठी नाही, ह्या साठ बायकांसाठी बसलोय. लोकांना पटलं होतं ते. आपल्या वॉर्डातल्या पेशंट मंगलाबाईचा नवरा बहिरू, त्यानं संपाच्या पहिल्या दिवशी स्वतः पाण्याचा जार आणून तुमच्यापुढे ठेवला होता. वर म्हणाला, बसा बायांनो, मागं सरू नका.

आता तुझी ती सातवी मागणी. कंत्राटी मावशांना नर्सचं काम सांगू नये. तू वाचून दाखवलंस तेव्हा सगळ्या मावशांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तुला वाटलं असेल, लंकामावशी दमली. दमले नव्हते, डोकं फिरलं होतं माझं. बावीस वर्षं झाली मला ह्या वॉर्डात. नव्या सिस्टरांना शीर सापडत नाही तेव्हा हात धरून मी दाखवते. आणि तू चार लोकांत सांगणार, की हे मावशीचं काम नाही? मला विचारलंस का? चहाच्या वेळी तू जवळ येऊन म्हणालीस, मावशी, उद्या काही झालं तर सगळं तुमच्यावर टाकतील, म्हणून घातलंय ते. मी म्हटलं, तुमचं शिक्षण तुमच्याजवळ ठेवा, सिस्टर. तू हसलीस. त्या हसण्याचा मला लय राग आला होता.

संपाच्या दुसऱ्या दिवशीपण सकाळी तू आधी वॉर्डात येऊन एकेका पेशंटची माहिती डॉक्टरांना दिलीस, सही केलीस आणि मगच गेटवर गेलीस. मी तिथंच पुसत होते, सगळं बघितलं. डॉक्टर एकटे आणि वॉर्ड तीन. दहाच्या सुमाराला मंगलाबाईची सलाईन संपली. बहिरू दोनदा डॉक्टरांना शोधून आला. पुढचं तू चौकशीच्या कागदात वाचलंच आहेस. डायबेटिसची बाई, तिला साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या गेल्या. दुपारी गुंगीत गेली, साखर साडेपाचशे, चार दिवस आयसीयूत. चार्टवर शेवटची सही तुझी, म्हणून बाटली तूच लावून गेलीस असं ठरलं. बाई वाचली, आपल्या पायानं घरी गेली. नाहीतर मला आज पेन धरवलं नसतं.

दीपक म्हणाला, तेव्हा वॉर्डात कोण होतं असं तुला चौकशीत विचारलं, तर तू म्हणालीस, आठवत नाही. अगं, मावशांच्या ड्युट्या तूच लावतेस! तुला बहिणीच्या लग्नाची तारीख आठवत नसेल, पण वॉर्डात कोण होतं ते आठवणार नाही? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तू सही कोणासाठी करतेस. तर ऐक, तुला माहीत असलं तरी ऐक. बाटल्या मी लावल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी मला वाचता येत नाही, मी लेबलवरच्या पट्टीच्या रंगावरून ओळखते, आणि त्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा माल आला होता. मला तुला दाखवायचं होतं, तुझ्यावाचून माझं अडत नाही म्हणून. आणि तू परत मला न विचारता मला पदराखाली घेतलंस. आज सकाळी चौकशीच्या मॅडमपुढे उभी राहून मी हे सगळं सांगून आले. त्या म्हणाल्या, म्हणजे संप नसता तर हे झालं नसतं. मी म्हटलं, संप नसतो तेव्हापण मीच लावते बाटल्या, बाई, रोज लावते, सिस्टर पुरत नाहीत म्हणून. तेपण लिहा. त्यांनी लिहिलं. मी त्यांना दोनदा वाचून दाखवायला लावलं, मग सही केली. खाली आले तर कंत्राटदाराचा माणूस उभाच होता, गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. मंगलाबाईच्या गावाला बुधवारी जाणार आहे, तिच्या तोंडावर सांगायचंय. तू सोमवारी ये, वेदिकाला भेट, पण त्या कागदाला हात लावू नकोस. ज्या मावशीला वाचवायला तू सही करणार होतीस, ती आता कामावर नाही.

तुझीच,
लंकाबाई