स्थानिक रहिवाशाचं म्हणणं

१४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. आईचं गुडघ्याचं औषध बदललं, आता ती कठड्याला धरून जिना चढते. रोपवाटिकेत पेरूच्या कलमांनी जीव धरलाय. तुझी भाची पोहायला शिकली. बाकी ठीक.

परवा गल्लीखालच्या सार्वजनिक पाणथळीला गोदामवाल्यांनी तारा ठोकल्या. तुझ्या सहीच्या आदेशाची प्रत खांबाला डकवली आहे, तेव्हा हे तुला ठाऊक असणारच. तरी कळवते.

पाहणीला आलीस तेव्हा विश्रामगृह सोडून माझ्याकडे उतरलीस, त्याचं मला केवढं अप्रूप! गल्लीभर सांगत सुटले, "पर्यावरण खात्याच्या मोठ्या साहेब म्हणजे माझी सख्खी बहीण. आता काळजी नको." आपण दोघी चिखल तुडवत हिंडलो. मी पाणकोंबड्यांची घरटी दाखवली, खालच्या विहिरींचं पाणी इथूनच मुरतं तेही सांगितलं. परतताना तू सहज विचारलंस, "उन्हाळ्यात आटतं का गं हे?"

मी हसून म्हटलं, "वरची बाजू तर खडखडीत होते. पोरं फुटबॉल खेळतात तिथे!"

बहिणीशी बोलत होते गं मी.

जनसुनावणीत तू व्यासपीठावरून वाचलंस, "स्थानिक रहिवाशाच्या म्हणण्यानुसार जमीन कोरडी असते व मैदान म्हणून वापरली जाते." घरटी गाळलीस, विहिरी गाळल्यास. सरकारी पाणथळींच्या यादीतून जागा वगळली आणि गोदामाला मोकळी केली. मी उठून ओरडले, "हे अर्धंच आहे!" तू माझ्याकडे बघितलंस, चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "बाई, तुमची वेळ संपली. बसा."

बाई. तुमची.

बाहेर कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारलं, "कोण हो हा रहिवासी?" त्याचं घर त्या विहिरींवरच चालतं. मी म्हणाले, "मीच." त्याने गळ्यातली मोजपट्टी काढून खिशात घातली. मग म्हणाला, "कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हे." तुला म्हणाला की मला, विचारायचा धीर झाला नाही. आता मी गल्लीतून गेले की बायकांच्या गप्पा थांबतात.

फोनवर तू म्हणालीस, "वरून दबाव होता. माझी बढती अडली होती. तू तरी समजून घे." लहानपणापासून समजून घ्यायचं खातं माझ्याकडेच आहे. तू पैसे घेतले असतेस तर कदाचित इतकं लागलं नसतं. तू माझा शब्द घेतलास.

जे लिहायचं टाळत होते, ते लिहिते. आम्ही गल्लीतल्या काही जणांनी हरित लवादाकडे अपील केलं आहे. वकीलबाई म्हणाल्या, ते वाक्य कुणाचं, कुठे बोललं गेलं आणि पुढचं काय गाळलं, हे मी शपथेवर सांगितलं तर आदेश टिकणं अवघड आहे. तुझी चौकशीही लागेल. काल मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. सही एका दमात झाली, याचंच वाईट वाटलं.

आईला अजून काही बोलले नाही. ती रोज विचारते, "थोरली कधी येणार?" तू ये. सुनावणीच्या आधी ये आणि तिच्यासमोर बसून तूच सांग. मी तुला जेवायला वाढेन, अंथरूण घालेन. जमिनीबद्दल मात्र जे बोलायचं ते आता लवादापुढेच.

तुझी धाकटी,
आणि तुझ्याविरुद्धची साक्षीदार